आठव्या कोनाड्यातला पेला

१

डिंकमास्तरांचा हात चांगला होता आणि तोंड वाईट. संग्रहालयात दोन्ही गोष्टी सगळ्यांना ठाऊक होत्या. खोदकामातून फुटकी खापरं पोत्यांनी यायची आणि मास्तर ती जोडायचे. चाळीस वर्षं तेवढंच केलं. चौथीत शाळेने त्यांना सोडलं की त्यांनी शाळेला, यावर त्यांचं स्वतःशीसुद्धा दोन दिवस एकमत व्हायचं नाही. पण चार हजार वर्षांपूर्वी फुटलेल्या रांजणाचा नखाएवढा तुकडा हातात दिला, तर "हा गळ्याचा, डाव्या बाजूचा" असं सांगून ते नाक शिंकरायला मोकळे.

काम ठरलेलं. खापर दातांच्या जुन्या ब्रशने धुवायचं, सावलीत वाळवायचं, आतल्या अंगाला बारीक शाईने नंबर घालायचा. मग जोड शोधायचा. जमला की डिंक लावून वाळूच्या पेटीत उभा करायचा, म्हणजे वाळेपर्यंत हलत नाही. जिथे तुकडा हरवलेला असेल तिथे प्लास्टरची भर घालायची आणि ती रंगवायची. मात्र मूळ खापराहून एक छटा फिकी.

हा पहिला नियम. भर दिसली पाहिजे. जुनं किती आणि आपण घातलेलं किती, हे आंधळा सोडून सगळ्यांना कळलं पाहिजे. दुसरा नियम, जोडलेलं सुटलं पाहिजे. डिंक असा वापरायचा की उद्या चूक कळली तर थिनरमध्ये बुडवून तासाभरात सगळं मोकळं. तिसरा नियम नव्हता. एवढे दोन पाळता पाळता जन्म निघून जातो, असं मास्तर म्हणायचे.

त्यांची एकुलती लेक याच टेबलाखाली वाढली. आई लवकर गेलेली, पोरीला ठेवणार कुठे? सहा वर्षांची असताना तिने बापाची सुरी उचलली आणि उजव्या अंगठ्यावर तिरपी चीर पाडून घेतली. खूण राहिली ती राहिलीच. मास्तर तिला भिंगरी म्हणायचे. बाकी सगळे आता बाई म्हणत, कारण ती मोठी विदुषी झाली होती. कुठल्या कुठल्या मेलेल्या संस्कृती, त्यांची घरं, त्यांच्या चुली, हे सगळं तिच्या बोटांवर. परदेशातले लोक पत्र लिहून तिला विचारत आणि ती त्यांना कळवी, "नक्की सांगता येत नाही."

दिवसभर "नक्की सांगता येत नाही" लिहून तिचा जीव कोंडत असावा. म्हणून सुट्टीच्या दिवशी ती दुसऱ्या नावाने कादंबऱ्या लिही. नसलेली राज्यं, नसलेल्या राण्या, उडते सरडे. लोक वेड्यासारखे वाचत.

"माझं पुस्तक किती वाचलंत, बाबा?"

"तो सरडा उडाला तिथपर्यंत."

"तो पहिल्याच पानावर उडतो."

"मग तिथपर्यंत."

२

दोन वर्षांपूर्वी एका टेकाडाखाली एक घर सापडलं होतं. भिंती चारी बाजूंनी धड, छप्पर खाली आलेलं. आणि त्या घराला दार नव्हतं. बुजवलेलं नव्हे, नव्हतंच. आत एका भिंतीत आठ कोनाडे. सात कोनाड्यांत सात पेले, एकाच घडणीचे, एका कानाचे. माणसी एक असावा. भिंगरीने अहवालात लिहिलं, "दार आढळले नाही. आठवा कोनाडा रिकामा." सातही पेले मास्तरांनीच जोडले आणि कोठीच्या फळीवर ओळीने मांडले.

पण तो रिकामा कोनाडा तिच्या डोक्यातून जाईना. तिने त्यावर कादंबरी लिहिली. आठवी कुणीतरी बाहेरून येते, आपला पेला त्या कोनाड्यात ठेवते आणि त्या घरची होते.

"आणि मग बाहेर कशी पडते?" मास्तरांनी चहा फुंकत विचारलं. "दार नाही म्हणतेस."

"ते दुसऱ्या भागात. अजून मलाच सुचलं नाहीये."

"वाचणारे शिव्या घालतील."

"घालू देत. दुसरा भाग घेतील की!" ती हसली आणि मग जरा लाडात आली, तेव्हाच मास्तरांना वास आला की काहीतरी गळ्यात पडणार. "बाबा, मुखपृष्ठावर फोटो हवाय. आठव्या पेल्याचा. करून द्याल?"

"देईन. त्यात काय?"

"भर दिसायला नको पण."

मास्तरांनी कप खाली ठेवला. "काय म्हणालीस?"

"फोटोत फिके डाग दिसतात हो. एकदाच. कुणाला कळतंय?"

"मला कळेल."

"तुम्ही माझे बाबा आहात की पोलीस?"

तीन दिवस ते फुरंगटून बसले. चौथ्या दिवशी बेवारस खापरांचा खोका काढला. ज्यांना जोड कधीच मिळाला नाही, असे तुकडे मास्तर त्यात टाकत. त्या घराच्या मातीतले अकरा तुकडे निवडले. बाकी सगळं प्लास्टर. काठ प्लास्टरचा, बूड प्लास्टरचं, अख्खा कान प्लास्टरचा. रंग कालवताना हात सवयीने पांढऱ्याकडे गेला, तो त्यांनी मागे घेतला. छटा तंतोतंत उतरली. काळपट डागसुद्धा ओढले. मग पेला खिडकीशी धरून पाहिला आणि त्यांना स्वतःलाच सांधा सापडेना.

खरं सांगायचं तर छाती फुगली होती. हे आपल्याला येत होतं आणि चाळीस वर्षं आपण करून पाहिलं नाही!

फोटो झाला, पुस्तक आलं. पेला सोडवून टाकायचा होता. आज करू, उद्या करू म्हणत तो फळीवरच राहिला.

३

वर्षाची मोजदाद आली. कोठीवाला नोंदवही घेऊन फळ्यांपुढे उभा राहिला. साधा माणूस. किल्ल्यांचा जुडगा आणि गुडघेदुखी याशिवाय त्याला दुसरा विषय नव्हता.

"बिनदाराचं घर. पेले आठ," तो म्हणाला आणि खूण केली.

"सात," मास्तर टेबलावरूनच म्हणाले. "आठवा माझा खेळ आहे. फोटोसाठी केलेला."

"आठ लिहिलेत, मास्तर."

"तू लिहिले असशील झोपेत."

"मी कशाला? हे बघा की, तुमची सही आहे."

सही मास्तरांचीच होती. वाकडी, शेवटी फराटा ओढलेली. दोन वर्षांपूर्वीची तारीख, शाई जरा विटलेली, वरच्या-खालच्या नोंदींसारखीच. "पेले, एककानी, नग ८." खाडाखोड नाही. शेजारी घराचा नकाशा चिकटवलेला होता, त्यातही आठ कोनाडे आणि आठांतही पेला काढलेला.

म्हातारपण आलं म्हणायचं, मास्तरांनी मनाशी ठरवलं. माणूस विसरतो, त्याला काय एवढं? पण ते उठले आणि आठवा पेला खाली काढला. प्लास्टर नखाने वाजवलं तर ठप्प बोलतं, भाजलेली माती टण वाजते. मास्तरांनी काठ वाजवला. टण. बूड वाजवलं. टण. कान वाजवला.

टण.

सुरीच्या टोकाने कानाखाली खरवडलं. पांढरी पूड यायला हवी होती, ती तांबडी आली.

आणि कान जिथे पोटाला चिकटतो तिथे, कुंभार ओल्या मातीवर अंगठा दाबतात तसा, एक ठसा होता. आपण ठसा उमटवला नव्हता, हे मास्तरांना नक्की आठवत होतं. ठसा लहान, बाईमाणसाचा. त्याच्या मधून एक तिरपी रेघ गेली होती.

"तडा आहे," ते मोठ्यांदा म्हणाले.

"काय?" कोठीवाल्याने विचारलं.

"तुझं डोकं! पुढची फळी मोज."

४

त्याच आठवड्यात संग्रहालयाच्या दारावरच्या हजेरीच्या यंत्राने भिंगरीचा अंगठा घेणं सोडलं.

"बाई, अंगठा पुसून ठेवा," कोठीवाला म्हणाला. "पुस्तकं लिहून झिजला बहुतेक."

तिने पदराने पुसला, पाण्याने धुतला, पाच वेळा ठेवला. यंत्र लाल दिवा लावून गप्प. शेवटी तिने वहीत सही केली आणि विषय तिथेच संपला. मास्तरांचा संपला नाही. संध्याकाळी ती भाजी चिरत असताना त्यांनी तिचा हात धरला आणि उजेडात ओढला.

"काय हो बाबा?"

अंगठा गुळगुळीत होता, धुतलेल्या बशीसारखा. चीर नाही, रेषा नाहीत, काही नाही.

"तुझी खूण कुठे गेली?"

"कसली खूण?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. डोळे जायला आले आपले, असं त्यांना वाटलं. वाटलं म्हणजे, वाटून घेतलं.

"त्या घरात पेले किती होते गं?"

"आठ."

"अहवालात तू सात लिहिलेस. आठवा कोनाडा रिकामा म्हणून."

"मी असं कशाला लिहीन?" तिने त्यांच्याकडे पाहिलं ते आजारी माणसाकडे पाहतात तसं. "तुम्हीच जोडलेत की आठवा."

"मी जोडला नाही, भिंगरी. मी केला."

तिने त्यांच्या हातावर थोपटलं आणि परत चिरायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर बूट घालत होते. ती खांद्याला पिशवी लावून बाहेरच्या खोलीत उभी होती. भिंतीला तळवा टेकवून हळूहळू सरकत होती.

"काय शोधतेस?"

"दार कुठे गेलं, बाबा?"

दार तिच्या मागे, चार पावलांवर होतं. त्यांनी खांद्याला धरून तिला वळवलं. ती पाहतच राहिली आणि मग खळखळून हसली. "अय्या! कामात डोकं फिरलंय माझं." मास्तरही हसले.

आठवड्यात तसं तीनदा झालं. तिसऱ्यांदा ती हसली नाही. डॉक्टर म्हणाले, ताण आहे, सुट्टी घ्या. डॉक्टर आणखी काय म्हणणार?

५

मास्तरांना एकच औषध येत होतं. दुपारी त्यांनी पितळी घमेलं काढलं, थिनरने भरलं आणि पेला त्यात बुडवून वर काच ठेवली. आपणच लावलेला डिंक, आपणच घातलेली भर. तासाभरात अकरा तुकडे वेगळे होतील, प्लास्टर ठोकून काढू, बेवारस खोक्यात टाकू आणि संपलं.

तासाने काच उचलली. पेला तसाच. थिनर स्वच्छ, डिंकाचा तवंगसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी तसाच. तिसऱ्या दिवशी पेला बाहेर काढला तेव्हा तो नुसता अधिक स्वच्छ झाला होता, आणि अंगठ्याच्या ठशातल्या रेघा आता मोजता येत होत्या.

मास्तरांनी अकरा तुकडे शोधायला घेतले. प्रत्येकावर आतून त्यांच्या हाताचा नंबर असायला हवा होता. बॅटरी लावून आत पाहिलं, बोट फिरवलं. एकही नंबर नव्हता, एकही सांधा नव्हता. पेला कधी फुटलाच नव्हता. आणि तळाशी ओल होती. थिनरची नव्हे. मास्तरांनी हुंगून पाहिलं. नुसतं पाणी, कुणीतरी नुकतंच पिऊन ठेवल्यासारखं.

हातोडी खणातच होती. काढली आणि परत ठेवली. फोडून तिचं बरं होणार की वाईट, हे सांगणारं कुणी नव्हतं. जे सुटत नाही ते फोडायचं नसतं, एवढं त्यांना कळत होतं.

६

सुट्टीचा दिवस होता. ऐन दुपारची वेळ, ऊन फरशीवर आलेलं. भिंगरी तिच्या खोलीत लिहीत बसली होती. ती पेन्सिलीने लिही. दार सताड उघडं होतं, हल्ली मास्तर ते लावू देत नसत. स्वयंपाकघरातून त्यांना पेन्सिलीची खरखर ऐकू येत होती.

"दुसरा भाग का गं?" त्यांनी तिथूनच ओरडून विचारलं.

"हो. सुरुवातच होत नाहीये."

"सरडा उडव."

"गप्प बसा हो!"

ते हसले. चहा उकळला, गाळला. दोन कप घेऊन निघाले तेव्हा खरखर थांबलेली होती.

खोलीत कुणी नव्हतं. खुर्ची जराशी मागे सरकलेली. पेन्सिल टेबलावर अजून घरंगळत होती, ती काठाशी येऊन थांबली. खिडकीला गज. दुसरी वाट नव्हती, आणि होती त्या वाटेत मास्तर स्वतः उभे होते.

"बाबा?"

आवाज खोलीतूनच आला. अगदी जवळून, पण जाड काहीतरी मध्ये असल्यासारखा.

"भिंगरी!"

"बाबा, दार कुठे आहे?"

"अगं इथे! मी दारातच उभा आहे! माझ्या आवाजाकडे ये."

"तुमचा आवाज सगळीकडून येतोय."

मग तो आवाज सुरू झाला. तळवा भिंतीवर घासल्याचा. सुस्स... सुस्स... समोरच्या भिंतीवरून निघाला. मास्तर डोळे फाडून बघत होते. भिंत रिकामी होती. कॅलेंडर हललंसुद्धा नाही. आवाज कोपऱ्यात वळला, कपाटामागून गेला, खिडकीवरून गेला. गजांपाशी तुटायला हवा होता, तुटला नाही. पुढचा कोपरा. आता दाराच्या भिंतीवर. जवळ, जवळ येत होता.

"अशीच ये," मास्तर म्हणाले. "अशीच ये, बाळा. आता चौकट लागेल."

आवाज चौकटीशी आला आणि थांबला नाही. उघड्या दारातून, मास्तरांच्या छातीपासून वीतभर अंतरावरून, मोकळ्या हवेवरून तो घासत गेला. सुस्स... डावीकडून उजवीकडे. जणू तिथे सलग भिंतच होती. क्षणभर त्यांना हवेत पाच बोटांची टोकं दिसली, मातीने माखलेली, दाबून पांढरी पडलेली, काचेपलीकडून दिसावीत तशी. त्यांनी कप टाकून झडप घातली.

हातात काही आलं नाही. आवाज पलीकडच्या चौकटीवरून पुढे गेला आणि पुन्हा समोरच्या भिंतीला लागला.

"नाहीये, बाबा," ती म्हणाली. "इथे दारच नाहीये."

७

"बाई?" कोठीवाला म्हणाला. "बाई तिकडेच असतात ना."

"तिकडे कुठे?"

"तिकडे. घरात." त्याने नोंदवहीतल्या नकाशाकडे मान हलवली आणि स्वतःच्याच बोलण्याने जरा गोंधळला. "म्हणजे... पहिल्यापासून तिकडेच आहेत की नाही? तुम्हीच म्हणाला असाल." मग तो गुडघा चोळत निघून गेला. मास्तर पोलिसांत गेले, तिथेही कागद भरणाऱ्याने खाली मान घालून हेच विचारलं, "पण त्या कुठे हरवल्यात?"

मास्तरांनी पुस्तक काढलं. ओळीखाली बोट धरून, अक्षर अक्षर लावत, सव्वा महिना वाचलं. सरडा उडाला, त्याच्या पुढेही गेले. पोरगी चांगलं लिहीत होती. हे तिला सांगायला हवं होतं. शेवटच्या पानावर आठवी त्या घरात येते, कोनाड्यात पेला ठेवते आणि मागे वळते, तर भिंत. तिथे पुस्तक संपलं होतं. खाली छापलं होतं, पहिला भाग समाप्त.

तिच्या टेबलावरच्या कागदावर मथळा होता, "दुसरा भाग". खाली खोडरबरची घाण. कागद उजेडाशी धरला तरी खोडलेलं वाचता येईना.

मास्तरांनी तीच पेन्सिल घेतली आणि चौथीच्या अक्षरात लिहिलं, "भिंगरी दार इथं आहे." मग खोलीच्या मधोमध उभं राहून ते मोठ्याने वाचलं. तळव्याचा आवाज थांबला. मास्तरांनी श्वास धरला.

सुस्स... परत सुरू झाला.

तो रोज दुपारी येतो. पूर्वी खोलीला एक फेरी व्हायला जेवढा वेळ लागे, आता त्याच्या दुप्पट लागतो. ती बोलत नाही.

मग मास्तरांना एक गोष्ट सुचली. इतकी सोपी की आधी का सुचली नाही म्हणून त्यांनी स्वतःला शिवी हासडली. तिला बाहेर काढता येत नाही, ठीक. पण बिनदाराच्या घरात पोरीने एकटीने का राहावं?

बेवारस खोक्यात त्या घराच्या मातीचे नऊ तुकडे शिल्लक होते. त्यांनी पेला बांधला. काठ, बूड, कान. कानाच्या मुळाशी स्वतःचा अंगठा दाबला, नीट. रंग कालवला, मूळ खापराशी ताडून पाहिला. तंतोतंत. लावला, वाळूच्या पेटीत उभा केला आणि कोठीवाल्याला हाक मारली.

"त्या घरातले पेले मोज."

कोठीवाल्याने मोजले. "आठ. आणि हा तुम्ही केलेला."

"केलेला कशावरून?"

"मास्तर, भर दिसतेय की! एवढी ढळढळीत."

मास्तरांनी पेला खिडकीशी नेला. वाळल्यावर रंग उतरला होता. एक छटा, बरोबर एक, फिका.

त्यांनी तो सोडवला. तासाभरात सुटला, सरळ, नियमाप्रमाणे. परत बांधला, रंगात काळं जास्त घातलं. वाळला तो एक छटा फिका. परत. पांढऱ्या रंगाचा डबा कोठीबाहेर ठेवून आले. परत. सवय चाळीस वर्षांची, हाताला ती मोडता येईना. एकदाच मोडली होती, पोरीने मागितलं म्हणून. दिवस किती गेले कुणी मोजले नाहीत. फळीवर आठ पेले सारखे आणि टेबलावर हा एक, ज्याच्यातलं खोटं खोलीच्या पलीकडून कळत होतं.

आज दुपारी पुन्हा एकदा रंग लावून त्यांनी पेला वाळूत उभा केला आणि डोळे घट्ट मिटून बसले. वाळेपर्यंत बघायचं नाही, असं ठरवून. वाळूचा वास आला, थिनरचा आला. बऱ्याच वेळाने ते तसेच उठले, हात पुढे करून चाचपडत निघाले. भिंत लागली. तळवा टेकवला. गार होती. दार लागू नये असं म्हणत ते भिंगरीसारखे सरकू लागले. सुस्स... सुस्स... कोपरा आला. पुढची भिंत. अजून भिंत. अजून भिंत.

मग हात पोकळीत गेला आणि बोटांना बाहेरचा वारा लागला.

मास्तरांनी डोळे उघडले. दार समोरच होतं. सताड उघडं.